याबसा आणि रस्त्याच्या शेवटची भिंत

देवाने माणसाला दोन कान आणि एकच तोंड दिलं ते कमी बोलावं म्हणून, असं शहाणी माणसं सांगतात. याबसांना हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला कोणी गेलाच असता, तर त्याला याबसांनी बोलता बोलता खुर्चीवर बसवलं असतं, पुढे पाणी ठेवलं असतं, आणि आपण काय सांगायला आलो होतो हे तो बिचारा जेवण झाल्यावरही आठवत बसला असता.

त्यांना खरं नाव होतं, पण ते वापरात नव्हतं. तळ्याकाठच्या त्या पर्यटनाच्या गावात एका हॉटेलच्या दारात उभं राहायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "या, बसा!" म्हणायचं, हाच त्यांचा धंदा. म्हणून ते याबसा. त्यांची बायको ती याबसाबाई. आणि ज्याच्या दारात ते उभे राहत, तो हॉटेलवाला म्हणजे त्यांचा सख्खा साडू.

आता ह्या नात्यातली मेख समजून घ्या. याबसांची बायको थोरली बहीण, हॉटेलवाल्याची बायको धाकटी. म्हणजे नात्याने याबसा मोठे, आणि पगाराने साडू मोठा. त्यामुळे साडू त्यांच्यावर ओरडायचा तोही "अहो साडूभाऊ" म्हणून ओरडायचा, आणि याबसा ऐकून घ्यायचे तेही मोठेपणा दिल्यासारखे ऐकून घ्यायचे. दोघांचं पटत नव्हतं असं नाही. फक्त एका गोष्टीवरून वर्षानुवर्षं वाद होता. गिऱ्हाईक कोणामुळे येतं?

"लोक येतात माझ्या हातच्या चवीला," साडू म्हणायचा. स्वयंपाकघरात मोठा झारा त्याच्याच हातात असायचा आणि मिशीला कायम पीठ लागलेलं असायचं.

"चव आत आल्यावर कळते," याबसा म्हणायचे. "आत आणतो कोण? बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे आंबे तसेच राहतात."

"माझे आंबे आहेत म्हणून तुमची बोलती चालू आहे."

हे रोज चालायचं. थोरली आणि धाकटी आत भाजी निवडत ऐकायच्या आणि एकमेकींकडे बघायच्यासुद्धा नाहीत, इतकं त्यांना ते पाठ झालं होतं.

हॉटेल होतं बाजाराच्या रस्त्याच्या अगदी टोकाला. होड्यांच्या धक्क्यापासून हा रस्ता निघायचा. दोन्ही बाजूंना टोप्यांची, चष्म्यांची, लाकडी खेळण्यांची, आइस्क्रीमची दुकानं, मध्ये मध्ये खाण्याच्या जागा, आणि सरतेशेवटी एक उंच, ओल धरलेली दगडी भिंत. भिंतीपलीकडे मोडक्या होड्या टाकायचं आवार. भिंतीला लागून साडूचं हॉटेल, आणि हॉटेलच्या पायरीवर याबसा.

त्यांची एक रीत होती. दुसऱ्या हॉटेलांचे हाका मारणारे समोर दिसेल त्याच्या अंगावर धावून जायचे. याबसा भिंतीकडे जाणाऱ्या माणसाकडे ढुंकूनही बघत नसत. उलट नखं बघत उभे राहत. कारण सुट्टीवर आलेल्या माणसाला कायम वाटत असतं की पुढे काहीतरी याहून बरं असेल. त्याला चालू द्यावं. तो भिंतीपर्यंत जातो, भिंतीकडे बघतो. बरोबरचं पोर विचारतं, "बाबा, पुढे काय आहे?" बाबा म्हणतात, "काही नाही." एवढं बोलताना त्यांना उगीचच थोडं ओशाळल्यासारखं होतं. बायको काही बोलत नाही, पण तिचं न बोलणं ऐकू येतं. पाय दुखत असल्याचं त्याच घटकेला लक्षात येतं. अशा वेळी ते वळतात, आणि समोर याबसा हात जोडून, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांचं करावं तसं स्वागत करत उभे.

"या, या! कधीची वाट बघतोय. खिडकीजवळची जागा ठेवलीय तुमची. बसा!"

ओशाळलेल्या माणसाला कोणीतरी वाट बघत होतं म्हटलं की तो जगाच्या पाठीवर कुठेही बसतो.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग गावाच्या विकास मंडळाला विकासाची आठवण झाली. पर्यटक वाढले, बाजार अपुरा पडतो, तेव्हा भिंत पाडायची, होड्यांचं आवार साफ करायचं आणि तिथे नवी पेठ उभारायची असं ठरलं. काचेची दुकानं, दुमजली हॉटेलं, मध्ये कारंजं. त्याचं मोठं चित्र धक्क्यावर लागलं. चित्रातली सगळी माणसं सडपातळ होती आणि कोणाच्याही हातात रडणारं मूल नव्हतं. साडूने ते चित्र फार वेळ पाहिलं. त्यात भिंत नव्हती हे त्याला दिसलं, आणि त्याचं हॉटेलही नव्हतं हेही दिसलं. चित्रकाराने तिथे एक झाड काढलं होतं.

साडूची पाचावर धारण बसली. कोणाला हरकत असेल तर सभेत येऊन बोला, असं मंडळाने कळवलं होतं. साडूला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. लग्नात बोहल्यावर उभं राहतानाही त्याने म्हणे धाकटीला "तूच बोल काय ते" म्हणून सांगितलं होतं.

"साडूभाऊ, तुम्ही बोला," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात विनंती होती. "दोन घरांची चूल आहे ही. भिंत पाडू नका, एवढंच सांगा. तुमची जीभ कधी तरी आपल्या कामाला येऊ द्या."

याबसांची छाती फुगली. गिऱ्हाईक कोण आणतं ह्याचा निकालच लागला होता जणू. सभेसाठी त्यांनी सदरा स्वतः इस्त्री केला. थोरलीने विचारलं, "काय बोलणार आहात?" ते म्हणाले, "ते तोंड उघडल्यावर ठरतं."

घोटाळा झाला तो इथेच.

मंडळाच्या सभागृहात सगळा बाजार जमला होता. व्यासपीठावर अध्यक्ष, त्यांच्या शेजारी पेठेचं काम बघणाऱ्या अधिकारी बाई. याबसांचं नाव पुकारलं. ते उठले, पुढे गेले, वळले, आणि समोर त्यांना काय दिसलं? ओळीने बसलेली, कंटाळलेली, पाय दुखणारी, कुठे जावं ते न कळणारी शंभरेक माणसं.

जित्याची खोड! सगळी हयात ज्या जिभेने फक्त बोलावणं केलं, तिला नकार कसा द्यायचा ते ठाऊकच नव्हतं. याबसांनी तोंड उघडलं, "मंडळी, भिंत..." म्हणाले, आणि समोरची माणसं ऐकायला लागली हे बघताच जिभेने लगाम तोडला. "भिंत म्हणजे काय हो? आपण रस्ता चालत येतो, पुढे काय आहे ते बघायला मिळत नाही! आणि पुढे काय असेल? कारंजं असेल! कारंज्याचा गारवा येतोय बघा, आला की नाही? मुलांना आत्ताच बाकावर बसवा. समोर गरम जेवण. घाई कोणालाच नाही. या, ऐसपैस बसा, जागा सगळ्यांना आहे!"

मागच्या रांगेतल्या एका म्हातारबाबांनी खरोखर घाम पुसून गारवा लागल्यासारखं उपरणं अंगाभोवती घेतलं. टोपीवाला उठून उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष म्हणाले, "हरकती संपल्या असं समजायचं ना?" आणि याबसा, पाहुण्याने काही विचारलं की म्हणतात तसं, "अगदी, अगदी!" म्हणाले.

खाली उतरले तेव्हा त्यांना भान आलं. साडू डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता. धाकटी त्याला पदराने वारा घालत होती. थोरली आपल्या नवऱ्याकडे अशी बघत होती की याबसांना परत व्यासपीठावर जाऊन उभं राहावंसं वाटलं.

भिंत पाडायला फारसे दिवस लागले नाहीत. धुरळा बसला आणि रस्ता सरळ पुढे गेला, आणि त्याच्याबरोबर माणसंही गेली. याबसा पायरीवर उभे. माणसं येत, साडूच्या हॉटेलपाशी कोणाचीच पावलं अडखळत नसत, ती तशीच पुढे अर्ध्या बांधलेल्या पेठेकडे बघत जात. आणि पलीकडून धक्क्याला जाणारी नवी वाट काढली होती, त्यामुळे परत तर कोणी येतच नव्हतं. याबसांनी आपली रीत मोडली. जाणाऱ्यांना हाका मारल्या. "या, बसा!" लोक हसून मान हलवत आणि जात. एका बाईने तर "नंतर हं" म्हणून त्यांच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. ती गोळी हातात धरून ते बराच वेळ उभे होते. इतकं वाईट त्यांना सासऱ्यांनी शिव्या दिल्या तेव्हाही वाटलं नव्हतं.

आत साडूने वाटलं तेवढं तूप ओतलं, मसाला वाढवला, तळ्यातले मासे तळून वास रस्त्यावर जावा म्हणून पंखा उलटा लावला. वास गेला. मांजरं आली.

एके दुपारी दोघी बहिणी रिकाम्या टेबलाशी बसून चमचे पुसत होत्या. थोरली म्हणाली, "काय गं, इतकी वर्षं हे भांडले ना, चव का जीभ, चव का जीभ?"

"हो."

"दोन्ही नव्हतं गं. भिंत होती."

धाकटीला जे हसू फुटलं ते थांबेना. "आयत्या बिळावर दोन नागोबा!" ती म्हणाली, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता धाकटीच्या डोळ्यांतलं पाणी वेगळंच होऊन बसलं, तेव्हा थोरलीने चमचे बाजूला ठेवून तिचा हात धरला.

हे नेमकं साडूने झाऱ्यासकट दारात उभं राहून ऐकलं. चवीबद्दल ऐकलेलं त्याने गिळलं. जिभेबद्दल ऐकलेलं मात्र तो तसाच बाहेर घेऊन गेला.

"ऐकलंत साडूभाऊ? गिऱ्हाईक भिंत आणत होती. तुम्ही नाही. आणि ती भिंतही तुम्हीच टाळ्या घेऊन पाडलीत. उद्यापासून येऊ नका."

"आणि तुमची चव?" एवढं म्हटलं असतं तरी फिटंफाट झाली असती. पण याबसांचं ध्यान पायरीकडे होतं. त्यांच्या टाचांनी पायरीच्या दगडात दोन खळगे पडले होते. भिंत आणत होती हे त्यांना स्वतःलाच आतून पटलं होतं, हेच खरं दुःख. "बरं," ते म्हणाले आणि घरी गेले.

चारच दिवसांत त्या अधिकारी बाई घरी आल्या. सभेतलं भाषण त्या विसरल्या नव्हत्या. नव्या पेठेच्या तोंडाशी कमान बांधली होती. तिथे पर्यटकांचं स्वागत करायला माणूस हवा होता. गणवेश, टोपी, महिन्याच्या महिन्याला पगार. "कराल ना?"

"हो, हो! आनंदाने! बसा, चहा घ्या," याबसा म्हणाले.

थोरलीला बरं वाटलं. मग तिने विचारलं, "कमान कुठे आहे?"

"भिंत होती तिथेच."

"म्हणजे माझ्या बहिणीच्या दारासमोर उभं राहून तुम्ही लोकांना पुढे जा, पुढे जा म्हणणार?"

याबसांनी हे लक्षातच घेतलं नव्हतं. धाकटीच्या मात्र लगेच लक्षात आलं. थोरलीने कधीतरी नेलेलं तिचं पातेलं तिने माणूस धाडून परत मागवलं, आणि थोरलीचे दोन डबे, न मागता, घासूनपुसून परत पाठवले. दोघींचं बोलणं बंद झालं. असं त्यांच्या जन्मात झालं नव्हतं.

"जा आणि बाईंना नाही म्हणून सांगा," थोरली म्हणाली.

"येईल का मला?"

"न यायला काय झालं? नाही म्हणा बघू." तिने जेवताना सरावच घ्यायचं ठरवलं. "आणखी वाढू?"

"वाढ."

"नाही म्हणायचं! आणखी वाढू?"

"थोडं."

"अहो!"

"तू एवढं प्रेमाने विचारतेस, नाही कसं म्हणू?"

त्या रात्री त्यांना ओव्याचा काढा द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या कचेरीत नकार द्यायला गेले आणि डोक्यावर सोनेरी पट्टीची टोपी आणि गळ्यात शिट्टी घेऊन परत आले. बाईंनी विचारलं होतं, "काही अडचण नाही ना?" त्यावर ते म्हणाले होते, "छे, छे!"

थोरलीने ती टोपी खुंटीला अडकवली आणि त्यांच्याकडे पाठ करून झोपली.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. कमानीला फुलं, फीत, वाजंत्री. याबसा गणवेशात कमानीखाली उभे. कपडे कडक, कॉलर मानेला काचत होती, आणि नाकासमोर साडूचं हॉटेल. नको म्हटलं तरी आतलं सगळं दिसत होतं. धाकटीने सवयीने सगळी टेबलं मांडली होती. ताटं, वाट्या, पाण्याचे पेले, खिडकीजवळच्या जागेवर स्वच्छ फडकं. माणूस एकही नाही. दारात, जिथे कधी उभा राहत नसे तिथे, साडू धुतलेल्या सदऱ्यात उभा होता. मिशीला पीठ नव्हतं. पीठ नसलेली ती मिशी याबसांना बघवली नाही. हा माणूस पुढच्या महिन्यात हॉटेल बंद करणार हे त्या मिशीवरच लिहिलं होतं.

धक्क्याकडून मिरवणूक आली. पुढे अध्यक्ष, नव्या बुटांनी पाय चावल्यामुळे जरा लंगडत, शेजारी अधिकारी बाई, मागे सगळा गाव आणि होडीभर पर्यटक. बाईंनी याबसांना खूण केली. वाजंत्री थांबली. आता स्वागत.

याबसांनी हात जोडले, तोंड उघडलं. जिभेच्या टोकावर "या" येऊन बसला होता. त्यांनी तो परत गिळला. किती जड गेला म्हणून सांगू! त्यांचा चेहरा लाल झाला, शिट्टी छातीवर हलायला लागली, आणि आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द कुठूनतरी खरखरत वर आला.

"नको."

अध्यक्ष थांबले. "काय नको?"

"पुढे नको."

मागची मंडळी पुढच्यांवर आदळली. कुठल्याशा पोराने विचारलं, "पुढे काय आहे?" बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आणि याबसा तसेच उभे, हात जोडलेले, तोंड उघडं. कारण "नको" म्हटल्यानंतर पुढे काय म्हणतात हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. ज्या माणसाच्या तोंडाची टकळी कधी थांबत नसे, त्याला बोलायला एक अक्षर उरलं नव्हतं. आपण आता रडणार की काय असं त्यांना वाटलं.

अध्यक्ष ह्या पायावरून त्या पायावर झाले. तेव्हा बाजूच्या दारातून, घसा बसल्यासारखा, एक अगदी वाईट आवाज आला.

"मग... आत तरी या."

साडूने तो काढला होता. काढून तोच इतका घाबरला की दाराची चौकट धरून उभा राहिला. "म्हणजे, ताटं मांडलीत. बसायला... आहे. बसायला खुर्च्या आहेत."

एवढं वाईट बोलावणं त्या रस्त्यावर कोणी कधी केलं नसेल. पण अध्यक्षांचे पाय चावत होते, पुढे जायचं तोंड राहिलं नव्हतं, आणि हा माणूस खुर्च्या आहेत म्हणत होता. ते वळले आणि आत गेले. त्यांच्यामागे बाई गेल्या, बाईंमागे मंडळ, मंडळामागे वाजंत्रीवाले आणि पर्यटक. मागच्यांना वाटलं, उद्घाटन इथेच आहे.

धाकटी क्षणभर दगडासारखी उभी राहिली. मग गर्दीतल्या थोरलीकडे बघून ओरडली, "बघत काय बसलीस ताई? पाणी भर ना!" थोरली पदर खोचत धावली. दोघींचं बोलणं असं सुरू झालं.

दुपार टळेपर्यंत साडूचं स्वयंपाकघर धडाडून चाललं होतं. अध्यक्षांनी बूट काढून मांडी घातली आणि दोनदा वाढून घेतलं. फीत त्यांनी जेवल्यावर कापली, जाता जाता. बाईंनी जेवण झाल्यावर याबसांना बाजूला बोलावलं आणि टोपी, शिट्टी, गणवेश तिथल्या तिथे काढून घेतला. त्यात चूक काही नव्हती, याबसांनाही तसंच वाटलं. ते बनियनवर पायरीवर बसले. पुढच्या महिन्याला घरात काय येणार, ह्याचा विचार करायचा होता, पण भूकच फार लागली होती.

सगळे गेले. साडू बाहेर आला. मिशीला पीठ होतं. त्याच्या हातात त्याचाच एक धुतलेला जुना सदरा होता, तो त्याने याबसांच्या मांडीवर टाकला.

"आत चला, जेवायचं आहे."

याबसा आत गेले. इतक्या वर्षांत त्या हॉटेलच्या टेबलाशी ते कधी बसले नव्हते. हाका मारायच्या आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन खायचं, हाच शिरस्ता. साडूने स्वतः वाढलं आणि समोर बसला. दोघी बहिणी दाराआडून बघत होत्या. याबसा जेवत होते, साडू टेबलावरचा खरकट्याचा डाग नखाने खरवडत होता.

"आज भिंत नव्हती," शेवटी तो म्हणाला.

याबसांचा घास तोंडाशीच थांबला. त्यांनी मान खाली घातली आणि नुसतंच "हं" म्हटलं.

साडूने त्यांच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

"उद्या जरा लवकर या."